फंड आहे म्हणजे पेन्शन आहे असं नाही: ५८ नंतरचा हिशोब, आधी वहिनींच्या बाजूने

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४५, नाशिकच्या अंबडला कंपनीत टूलरूमला, बेसिक-डीए मिळून २६ हजार, हातात ३८ येतात, फंडात म्हणजे पीएफमध्ये ९ लाख साठलेत, फ्लॅटचा हप्ता ११,५०० अजून आठ वर्षं, मुलगी दहावीला आणि मुलगा सातवीला, वहिनी चाळिशीच्या, घरी शिवणकाम करून सात-आठ हजार मिळवतात. आणि विचारलंय की ५८ ला सुटलो की सिन्नरकडे गावी घर बांधून आरामात राहायचंय, फंड आणि पेन्शनवर भागेल ना.

सरळ सांगतो, नुसत्या फंड-पेन्शनवर नाही भागणार. पण तुम्ही ४५ ला विचारताय, हातात तेरा वर्षं आहेत, म्हणून जमवता येईल. मी २७ वर्षं कारखान्यांचं पीएफ-ग्रॅच्युइटीचंच काम करतोय, आधी टाइम ऑफिसला होतो मग स्वतःचं ऑफिस टाकलं. माझ्यासमोरच्या खुर्चीत लोक येऊन बसतात ते रिटायर व्हायला सहा महिने उरलेले असताना, नाहीतर मग माणूस गेल्यावर त्याची बायको येते, फाईल घेऊन, सोबत दीर किंवा भाऊ. त्या बायकांशी बोलून बोलून माझं एक मत पक्कं झालंय. रिटायरमेंटचा हिशोब तुम्ही स्वतःच्या आयुष्याचा करू नका, वहिनींच्या आयुष्याचा करा. त्या तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, बायका सहसा पुरुषांपेक्षा जास्त जगतात, म्हणजे तुम्ही ५८ ला घरी बसलात तेव्हा त्या ५३ च्या, आणि ८५ धरलं तर पुढे ३२ वर्षं पैसा पुरायला हवा. त्यातली शेवटची काही वर्षं तुम्ही नसणार असं धरूनच चालायचं.

आता पेन्शन किती ते बघू, कारण याच्याबद्दल शॉपफ्लोअरवर फार गैरसमज आहेत. कंपनी जे १२ टक्के भरते त्यातले ८.३३ टक्के पेन्शनमध्ये जातात पण ते तुमच्या २६ हजारावर नाही, १५ हजारावर, म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. पेन्शनचं सूत्र आहे पगार गुणिले सर्व्हिस भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी पण जास्तीत जास्त १५ हजार, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीची जी सर्व्हिस आहे तिला ६,५०० चीच मर्यादा लागते. तुम्ही लिहिलंय की २००३ ला पहिल्या कंपनीत लागलात आणि २०१० ला सोडताना बहिणीच्या लग्नासाठी सगळा फंड काढला. बहुतेक तेव्हा १०-सी, म्हणजे पेन्शनचे पैसे काढायचा फॉर्म, भरून पेन्शनचा भागही काढला असणार, म्हणजे ती सात वर्षं पुसली गेली. त्यांची किंमत सात गुणिले ६,५०० भागिले ७०, बरोबर ६५० रुपये महिना, आयुष्यभर. आता ते परत येत नाही, पण पुढे कधी कंपनी बदललीत तर पैसे काढू नका, खातं ट्रान्सफर करा, हे मुलांनाही आत्ताच सांगून ठेवा.

राहिलं काय तर २०१० ते २०१४ ची चार वर्षं म्हणजे ३७१ रुपये, पुढची २४ वर्षं म्हणजे ५,१४३, आणि सर्व्हिस वीसच्या वर गेली की दोन वर्षं बोनस धरतात त्याचे ४२९. सगळं मिळून ५,९०० च्या आसपास. आणि हे २०३८-३९ ला सुरू होणार, त्याला डीए नाही, वाढ नाही, सुरू झालं त्याच आकड्यावर राहतं. तुमच्यानंतर वहिनींना त्याच्या निम्मं, म्हणजे तीन हजाराच्याही आत. हे १५ हजाराचं सीलिंग वाढणार अशी चर्चा कित्येक वर्षं चालूय, वाढलं तर चांगलंच आहे पण हिशोबात धरू नका. एक गोष्ट मात्र हातातली आहे, पेन्शन ५८ ऐवजी ६० पासून घेतलं तर वर्षाला ४ टक्के वाढवून मिळतं, आणि उलट ५० नंतर लवकर घेतलं तर वर्षाला ४ टक्के कापतात. घाईने लवकर पेन्शन घेणारे खूप बघितलेत, तुम्ही तसं करू नका.

मग खर्च. तुम्ही लिहिलं नाहीये पण नाशकात दोघांना आज हप्ता आणि शाळा सोडून २५ हजार लागतात असं धरू. ६ टक्के महागाई धरली तर भाव बारा वर्षांत दुप्पट होतात, तेरा वर्षांनी तेच २५ हजार ५३ हजार झालेले असतील, वर्षाला ६ लाख ३६ हजार. पैशावर कर जाऊन मिळणारं व्याज आणि महागाई साधारण सारखी धरली तर हिशोब सोपा होतो, वर्षाचा खर्च गुणिले वर्षं. ३२ वर्षांचे दोन कोटीच्या वर. हा आकडा ऐकून बरेच जण म्हणतात मग सोडूनच द्या, आपल्याला जमणार नाही. थांबा जरा.

तुमच्याकडे काय असेल ते मांडू. आजचे ९ लाख ८.२५ टक्क्याने तेरा वर्षांत २५ लाख होतात. हा दर दरवर्षी जाहीर होतो, कमी-जास्त होऊ शकतो. दरमहा तुमचे ३,१२० आणि कंपनीचे १,८७० असे पाच हजार पडतायत, पगार वर्षाला ६ टक्क्याने वाढला असं धरलं तर त्याचे आणखी १८ लाख. झाले ४३. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटच्या बेसिक-डीएचे २६ पैकी १५ दिवस गुणिले वर्षं, २८ वर्षांचे ९ लाखाच्या जवळपास. म्हणजे ५२ लाख. फंडाला हात नाही लावला तर, हे लक्षात घ्या, सगळा खेळ इथेच बिघडतो. आता मोबाईलवर अ‍ॅडव्हान्सचा क्लेम टाकला की थोड्या दिवसांत पैसे खात्यात येतात, त्यामुळे मुलीच्या ॲडमिशनला, मग मुलाच्या, मग लग्नाला असं करत करत माणूस ५८ ला येतो तेव्हा पासबुकात ११ लाख असतात. शिक्षणासाठी एज्युकेशन लोन काढा, पोरं नोकरीला लागल्यावर फेडतील, तुम्ही हातभार लावा पण फंड नको. आज काढलेला एक लाख म्हणजे ५८ चे २ लाख ८० हजार असतात.

आता नवीन पैसा कुठून आणायचा. तुम्ही तीन मनीबॅक-एन्डोव्हमेंट, म्हणजे बचतीच्या विमा पॉलिसी सांगितल्यात, मिळून महिन्याला साडेचार हजार. प्रत्येकीचे आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती आणि पेडअप केली, म्हणजे हप्ते थांबवून तशीच ठेवली, तर किती हे ब्रँचकडून लेखी घ्या. जिची दोन-तीन वर्षंच राहिलीत ती चालू ठेवा, जिची दहा-बारा राहिलीत ती पेडअप करायचा विचार करा. पण आधी ६० पर्यंतचा ५० लाखांचा टर्म प्लॅन, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणारा विमा, घ्या, मेडिकल होऊन पॉलिसी हातात आल्याशिवाय जुनं काही बंद करायचं नाही. इथे लोक उलटं करतात, आधी बंद करतात आणि मग मेडिकलमध्ये शुगर निघते.

पॉलिसीचे सुटलेले आणि वहिनींच्या शिवणकामातले पाच हजार मिळून महिन्याला जवळपास दहा हजार होतात बघा. पीएफ हा तुमचा पक्का भाग आहेच, म्हणून हे दहा हजार साध्या निफ्टी इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराबरोबर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात टाका, डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मधे एजंट नको, आणि दरवर्षी इन्क्रिमेंट झालं की हजार रुपये वाढवा. १० टक्के धरले तर तेरा वर्षांत ४५ लाखांच्या घरात जातात. हे १० टक्के कुणी लिहून देत नाही, मधे एखादं वर्ष असं येईल की टाकलेत त्यापेक्षा कमी दिसेल, तेव्हा बंद करायचं नाही, आणि ५५ ओलांडलं की थोडं थोडं काढून एफडीकडे वळवायचं. वहिनींच्या कमाईचे पाच हजार आहेत ते त्यांच्याच नावाने गेले पाहिजेत, त्यांच्या पॅनवर, त्यांच्या बँक खात्यातून, आणि त्याचं स्टेटमेंट त्यांच्या मोबाईलवर आलं पाहिजे. पन्नाशीच्या बाईने माझ्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा पासबुक उघडलेलं बघितलंय मी, नवरा जाऊन महिना झाला होता आणि तिला कुठल्या बँकेत काय आहे हे चुलत दिराला विचारावं लागत होतं. वहिनींवर ती वेळ येऊ नये एवढंच मला वाटतं.

तर ५८ ला साधारण ९५ लाख ते कोटभर. दोन कोटीला निम्मे. उरलेलं अंतर दोन गोष्टींनी भरतं, आणि त्या दोन्ही तुमच्याच प्रश्नात आहेत.

एक म्हणजे गाव. सिन्नरकडे राहिलात तर आजच्या भावाने २५ ऐवजी १८ हजारात भागेल, आणि नाशिकचा फ्लॅट तोवर कर्जमुक्त झालेला असेल, त्याचं भाडं येईल. भाडं महागाईबरोबर वाढतं, पेन्शन वाढत नाही, म्हणून फ्लॅट विकून गावी बंगला बांधायचा विचार असेल तर तो सोडा. हप्ता ५३ ला संपतोय, पुढची पाच वर्षं तेच ११,५०० आरडीत टाकत राहा, व्याजासकट ८ लाख होतात, त्यात गावी जेवढं बसेल तेवढंच बांधायचं, दोन खोल्या, संडास-बाथरूम घरातच आणि तो पाश्चात्त्य पद्धतीचा, पायऱ्या कमी, आणि तालुक्याच्या दवाखान्यात रात्री कसं पोचायचं याचा विचार करून जागा निवडा. मळ्यात लांब बांधलेलं घर साठीपर्यंत छान वाटतं, सत्तरीला पावसात चिखलातून बाहेर पडता येत नाही. माझ्याकडच्या एका सुपरवायझरने ३४ लाखांचा सगळा फंड गावच्या बंगल्यात घातला, वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो, घर खरंच देखणं झालं होतं. दोन वर्षांनी तो माणूस सिक्युरिटीच्या नोकरीसाठी परत नाशकात खोली करून राहायला आला आणि बंगल्याला कुलूप.

दुसरी गोष्ट काम. ५८ ला एकदम बंद न करता ६५ पर्यंत घरखर्च निघेल एवढंच काम करायचं, म्हणजे साठलेल्याला सात वर्षं हात लागत नाही. ७ टक्क्याने सात वर्षांत एक कोटीचे १ कोटी ६० लाख होतात. ६५ ला, म्हणजे २०४५ ला, गावचा आजचा १८ हजाराचा खर्च ५७-५८ हजार झालेला असेल, वर्षाला ७ लाखाच्या आत, आणि वहिनी तेव्हा ६० च्या, २५ वर्षं धरायची, म्हणजे पावणेदोन कोटी लागतात. १ कोटी ६० लाख, वर फ्लॅटचं भाडं, वर तुमचं पेन्शन. बसलं की नाही गणित? टूलरूमचा माणूस हा असा आहे की अंबड-सातपूरच्या छोट्या वर्कशॉपांना तो साठीनंतरही हवा असतो, डाय-फिक्श्चर बघायला, नवीन पोरांना शिकवायला. पण मशीनवर आठ तास उभं राहणं तेव्हा होणार नाही, म्हणून पन्नाशीच्या आत डिझाइन किंवा सीएनसी प्रोग्रॅमिंगचा एखादा कोर्स करून ठेवा, बसून करता येईल असं काम हातात हवं. आणि डोळे, गुडघे, शुगर-बीपी आत्तापासून सांभाळा, कारण हा सगळा प्लॅन तुमच्या तब्येतीवर उभा आहे.

५८ ला पैसे हातात आल्यावरचे पहिले तीन महिने सगळ्यात धोक्याचे. बातमी भावकीत आणि गावात तुमच्या आधी पोचलेली असते. पोस्टात किंवा बँकेत सिनियर सिटिझन स्कीम आहे, ५५ ते ६० मध्ये रिटायर झालेल्यालाही ती उघडता येते पण रिटायरमेंटचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत, मर्यादा ३० लाख, सध्या ८.२ टक्के, म्हणजे दर तिमाहीला ६१,५०० खात्यात. वहिनींना जॉइंट घ्या. काम चालू असेल तोवर हे व्याज खर्चात घेऊ नका, वेगळ्या आरडीत वळवा. वहिनी ६० च्या झाल्या की त्यांच्या नावाने वेगळं खातं निघतं, त्यांची मर्यादा वेगळी. फंडाचे पैसे लगेच नको असतील तर तिथेच ठेवले तरी चालतं, पण ५८ ला सुटलात तर तीन वर्षंच व्याज मिळतं, ६१ च्या पुढे विसरून राहायचं नाही.

पतसंस्थेबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. आपल्याकडे गावात पतसंस्थेचा चेअरमन ओळखीचा असतो, एक-दोन टक्के जास्त देतो, आणि माणूस भिडेखातर ग्रॅच्युइटी तिथे टाकतो. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, ५ लाखांपर्यंत विमा असतो, एका माणसाला एका बँकेत सगळं मिळून. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नाही. माझ्याकडच्या दोघांचे १२ आणि ७ लाख अशाच एका ठिकाणी अडकले, त्यातल्या एकाची मुलगी लग्नाची होती, आज सहा वर्षं झाली आणि अजून हप्त्याहप्त्याने दहा-दहा हजार मिळतायत. ओळख जपायची तर दिवाळीला फराळ न्या, ठेव नको. सहकारी बँकेतही ५ लाखांच्या आत राहा.

दवाखाना. कंपनीचं मेडिक्लेम ज्या दिवशी सुटता त्या दिवशी संपतं. म्हणून दोघांची स्वतःची पॉलिसी उशिरात उशिरा ५० पर्यंत सुरू करा, जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, तो नोकरीत असतानाच संपून जातो. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झालाय. सत्तरीनंतर आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांचं कव्हर आहे, उत्पन्नाची अट नाही. रेशनकार्ड पांढरं आहे म्हणून टाकून देऊ नका, महात्मा फुले जन आरोग्य योजनेला ते लागतं, यादीतल्या हॉस्पिटलात यादीतल्या आजारांना चालतं, पण ज्याला लागतं त्याला फार मोठा आधार होतो.

कागदपत्रं. फंडाचं ई-नॉमिनेशन तुम्ही कधी केलंय? लग्नाआधी आईचं नाव लावलं असेल तर लग्न झाल्यावर ते नॉमिनेशन आपोआप रद्द होतं हे कुणालाच माहीत नसतं. असाच एक जण ड्युटीवरून येताना गेला, नॉमिनेशन २००१ चं, आईच्या नावावर. मग कुटुंबातल्या सगळ्यांचे समान हिस्से, सासू-सुनेत अबोला, धाकटा अज्ञान म्हणून त्याचे वेगळे कागद, त्या माउलीला पैसे मिळायला चौदा महिने गेले. तुमच्या नावाचं स्पेलिंग आधार, पॅन आणि यूएएनला (पीएफचा कायमचा नंबर) एकच आहे का, जन्मतारीख जुळते का, वहिनींचं नाव सगळीकडे लग्नानंतरचं आहे का, जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख टाकलेली आहे का, हे या रविवारी दोघांनी मिळून बसून बघा. दुरुस्ती नोकरीत असताना कंपनीच्या सहीने होते, कंपनी बंद पडल्यावर फार वणवण होते.

मृत्युपत्र करून ठेवा. त्याला स्टॅम्प ड्युटी नाही, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं, दोन साक्षीदार लागतात. फ्लॅटला सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे तो मालक होत नाही, तो फक्त सांभाळणारा, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात लिहिलं त्याची. आणि जिवंतपणी घर मुलाच्या नावावर करू नका, मुलगा कितीही गुणी असला तरी. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीसपत्राने द्यायला स्टॅम्प ड्युटी अगदी किरकोळ, २०० रुपये, लोकल बॉडीचा कर वेगळा, त्यामुळे लोक सहज करून टाकतात. द्यायचंच झालं तर आयुष्यभर सांभाळ करायचा ही अट त्याच कागदात लिहून घ्या, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे, अट मोडली तर प्रांताकडच्या न्यायाधिकरणात जाऊन ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसली की पुढे फार अवघड जातं.

तुम्ही शेवटी विचारलंय की गावी बांधकाम आत्ताच सुरू करू का, सिमेंट महाग होतंय. नका करू. आत्ता फक्त जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका तुमच्या नावावर स्वच्छ आहे का, भावांच्या वाटण्या नोंदवल्यात का एवढं बघून घ्या, आणि पेन्शनचा भाग २०१० ला खरंच काढला होता की राहून गेलाय ते पहिल्या कंपनीतला पीएफचा जुना मेंबर आयडी शोधून तपासा. राहून गेला असेल तर ती सात वर्षं अजून जोडता येतील, तो आयडी सापडला की कळवा, फॉर्म कसा भरायचा ते मी सांगतो.